सराव भरपूर, तरी दशांश, टक्के आणि असमानतेत त्याच त्या चुका: मूळ कसं शोधायचं

तक्रार साधारण अशी असते. सहावी-सातवीतलं मूल रोज गणितं सोडवतं, वही भरते, चुका लाल शाईने दुरुस्त होतात. दुसऱ्या दिवशी दहातली सात-आठ बरोबर येतात. आठवड्याने चाचणी झाली की जुनीच गणितं परत चुकलेली. ०.३५ हे ०.८ पेक्षा मोठं. ५% म्हणजे ०.५. −२क्ष < ६ चं उत्तर क्ष < −३. घरी म्हणतात लक्ष नाही, शाळेत म्हणतात सराव कमी पडतोय, आणि मुलाच्या पुढ्यात आणखी वीस गणितं येतात.

मी बरीच वर्षं या वयाच्या मुलांना गणित शिकवते आहे, आणि "लक्ष नाही" हे निदान मला फार क्वचित खरं आढळलं. लक्ष नसताना होणाऱ्या चुका विखुरलेल्या असतात. आज इथे हातचा राहिला, उद्या तिथे अंक उलटे लिहिले गेले. पण चूक एकाच जागी, एकाच दिशेने होत असेल, तर मूल एक नियम पाळतंय. नियम चुकीचा आहे, पाळणं मात्र अगदी मनापासून चाललंय. अशा मुलाला आणखी वीस गणितं दिली तर तोच नियम वीस वेळा घोटला जातो. म्हणून आधी नियम शोधायचा, सराव नंतर.

आधी तपासा ती बरोबर उत्तरं

दशांश अपूर्णांकांच्या तुलनेचं एखादं पान घ्या. त्यात ०.२ आणि ०.७, ०.३४ आणि ०.५१, १.६ आणि १.९ अशाच जोड्या असतील, म्हणजे दोन्हीकडे दशांश चिन्हानंतर सारखेच अंक, तर त्या पानावरून काहीच कळत नाही. मुलाने दशांश चिन्ह झाकून नुसती ३४ आणि ५१ ची तुलना केली तरी त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात.

त्याऐवजी या तीन जोड्या द्या आणि प्रत्येकीतली मोठी संख्या कोणती ते विचारा:

०.३५ आणि ०.८
०.६७ आणि ०.४
४.४५ आणि ४.४५०२

पहिलीत ०.३५ आणि दुसरीत ०.६७ सांगणारं मूल "जास्त अंक ती मोठी संख्या" या नियमाने चाललंय. पूर्ण संख्यांत हा नियम खरा असतो, तो त्याने इकडेही आणला. पहिली जोडी बरोबर पण दुसरीत ०.४ मोठं म्हणणाऱ्या मुलाचा नियम वेगळा आहे: शतांश दशांशापेक्षा लहान, म्हणून शतांशापर्यंत गेलेली संख्या लहान. हे मूल धडा अर्धा समजलेलं असतं, त्यामुळे त्याची चूक जास्त दिवस लपून राहते. तिसऱ्या जोडीत "दोन्ही सारख्या" म्हणणारं मूल दोन स्थळांपुढे बघतच नाही. दोन स्थळांपर्यंतच्याच संख्या हाताळायची सवय झाली की असं होतं.

हे मी एका विद्यार्थिनीकडून शिकले. तिची पहिल्या प्रकारची चूक घालवायला मी तिला जवळजवळ महिनाभर ०.३५ आणि ०.८ सारख्याच जोड्या देत राहिले. उत्तरं बरोबर यायला लागली, मला समाधान वाटलं. मग एके दिवशी सहज ०.६७ आणि ०.४ विचारलं, तर ती ठामपणे म्हणाली, "०.४." माझ्या सरावाने ती "आखूड दिसते ती मोठी" हे शिकली होती. नंतर दोन्ही प्रकारच्या जोड्या मिसळून दिल्या तेव्हा कुठे ती पहिल्यांदा अंकांच्या स्थानांकडे बघायला लागली.

दशांश: वाचनापासून सुरुवात

०.३५ ला आपण "पॉइंट पस्तीस" म्हणतो. मुलाला त्यात पस्तीस ऐकू येतात आणि ०.८ मध्ये आठ. मराठीत आणखी एक अडचण आहे. "पस्तीस" म्हणताना पाच आधी येतात आणि तीस नंतर, म्हणजे बोलण्याचा क्रम लिहिण्याच्या उलटा. पूर्ण संख्यांत मूल याला सरावलेलं असतं. दशांश चिन्हानंतर मात्र "पॉइंट त्रेपन्न" ऐकून ०.३५ लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत. म्हणून निदान दोन आठवडे घरात आणि वर्गात "तीन दशांश, पाच शतांश" असंच वाचायचं. कंटाळवाणं आहे, पण लवकर गुण येतो.

लिहिताना प्रत्येक अंकाच्या डोक्यावर बारीक अक्षरात त्याचं स्थान लिहायला सांगा: ए, द, श, स (एकक, दशांश, शतांश, सहस्रांश). ही युक्ती जुनीच आहे. सायमन स्टेव्हिनने १५८५ साली युरोपात दशांश अपूर्णांकांची पद्धत मांडली, तेव्हा तो प्रत्येक अंकापाशी वर्तुळात त्याच्या स्थानाचा क्रमांक लिहीत असे: पूर्णांकाला ०, दशांशाला १, शतांशाला २. ही रीत त्याने मोठ्या माणसांसाठी, हिशेब करणाऱ्यांसाठी काढली होती. मुलांना पहिल्याच दिवशी आपण नुसता एक ठिपका देतो आणि बाकी सगळं त्यांनी मनात धरावं अशी अपेक्षा करतो.

०.८ च्या पुढे शून्य लावून ०.८० करायचं आणि मग तुलना करायची, हा उपाय सगळेच सांगतात. उत्तर बरोबर येतं, पण पुन्हा ८० विरुद्ध ३५ अशी पूर्ण संख्यांचीच तुलना होते. मी त्याच्या आधी आपल्याच भाषेतले टप्पे वापरते: पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. संख्यारेषेवर ०.२५, ०.५, ०.७५, १.२५, १.५, २.५ इथे हे शब्द लिहून ठेवायचे. मग ०.३५ कुठे? पावाच्या पुढे, अर्ध्याच्या अलीकडे. ०.८? पाऊणच्या थोडं पुढे. आता तुलनेला नियम लागतच नाही. अपूर्णांकांची ही नावं भाषेने आपल्याला आयती दिली आहेत, आणि गणिताच्या तासाला आपण ती बाजूला ठेवतो याचं मला वाईट वाटतं.

मोजायला लावणं हीसुद्धा चांगली तपासणी आहे. ०.७ पासून एकेक दशांश वाढवत मोठ्याने मोजा म्हणा. ०.७, ०.८, ०.९ आणि मग ०.१० आलं, तर स्थान कळलेलं नाही.

बेरजेतली चूक पटकन सुटते. ३.४ + १२ चं उत्तर ४.६ आलं असेल तर मुलाने अंक उजवीकडून जुळवले आहेत; १२ ला १२.० लिहायला सांगा आणि चिन्हाखाली चिन्ह घ्यायला लावा.

गुणाकाराला वेळ द्यावा लागतो. ०.३ × ०.२ = ०.६ लिहिणाऱ्या मुलाला दोन गोष्टी खऱ्या वाटतात: अंकांचा गुणाकार करून चिन्ह तसंच ठेवायचं, आणि गुणलं की संख्या वाढते. दुसरी गोष्ट पहिल्या इयत्तेपासून खरी ठरत आलेली आहे, त्यामुळे ती सांगून जात नाही. दहा बाय दहाचा चौरस आखा. तीन उभे स्तंभ रंगवा, मग दोन आडव्या ओळी वेगळ्या रंगाने. दोन्ही रंग पडलेले चौकोन सहा, शंभरातले सहा, म्हणजे ०.०६. आणि एक प्रश्न रोज विचारा: "०.२ चा अर्धा किती?" ०.१. "मग ०.३ पट अर्ध्याहून जास्त की कमी?" कमी. म्हणजे उत्तर ०.१ च्या आतच हवं, ०.६ येणं शक्य नाही. भागाकारातही हेच. ६ ÷ ०.५ म्हणजे सहामध्ये किती अर्धे बसतात, बारा. "भागलं की कमी होतं" हा नियम इथे मोडतो, आणि तो डोळ्यांसमोर मोडावा लागतो.

माझ्या आवडीचा सराव असा: गुणाकार करून द्यायचा आणि फक्त दशांश चिन्ह द्यायला सांगायचं. ३७५ × ४२ = १५७५०. तर ३७.५ × ०.४२ किती? ०.४२ म्हणजे अर्ध्याहून थोडं कमी, ३७.५ चा अर्धा साधारण १९, म्हणून उत्तर १५.७५. जे मूल शेवटचं शून्य टाकून मग तीन स्थळं मोजतं, त्याचं उत्तर १.५७५ येतं, आणि अंदाज केलेला असेल तर त्याचं त्यालाच ते खटकतं.

टक्के: "कोणाचे?" आणि "कोणापेक्षा?"

५% = ०.५ ही चूक ५०% = ०.५ च्या पाठांतरातून येते. ती दुरुस्त करायला एकच प्रश्न पुरतो: ०.५ म्हणजे अर्धा, मग शंभरातले पाच म्हणजे अर्धे का? ५% म्हणजे ५ शतांश, ०.०५. याच्या जोडीला ०.५% (०.००५) आणि १२५% (१.२५) नक्की द्या. फक्त १ ते ९९ मधल्या पूर्ण टक्क्यांवर सराव झालेल्या मुलाला टक्के म्हणजे "शून्य पॉइंट लावून तीच संख्या" असं वाटत राहतं.

टक्क्यांतला खरा घोटाळा पायाचा, म्हणजे टक्के कोणत्या संख्येचे घ्यायचे याचा आहे. ६० हे ४८ पेक्षा किती टक्क्यांनी जास्त? फरक १२, पाया ४८, उत्तर २५%. ४८ हे ६० पेक्षा किती टक्क्यांनी कमी? फरक तोच १२, पण पाया ६०, उत्तर २०%. मुलं दोन्हीकडे एकच उत्तर लिहितात, कारण फरक एकच दिसतो. इथे मराठी आपल्याला मदत करते: ज्या संख्येला "चे", "च्या" किंवा "पेक्षा" चिकटलं आहे ती पायाची संख्या. तिच्याखाली रेघ मारायची, मगच आकडेमोड. ही सवय लागली की अर्ध्याहून अधिक चुका गळतात असा माझा अनुभव आहे.

पटसंख्येचं उदाहरण चांगलं चालतं. शाळेत ५०० मुलं. एका वर्षी २०% वाढली, पुढच्या वर्षी २०% घटली. परत ५००? पहिल्यांदा ६०० झाली. दुसऱ्यांदा २०% हे ६०० चे, म्हणजे १२० गेली, उरली ४८०. मुलांना हे बघून खरोखर नवल वाटतं, आणि त्या नवलातच "कोणाचे टक्के?" हा प्रश्न रुजतो.

"पट" आणि "वाढ" यांची गल्लत वेगळी तपासा. ५०० चे १००० झाले. दुप्पट झाले, म्हणून वाढ २००% असं बरीच मुलं लिहितात. नवी संख्या जुनीच्या २००% आहे, वाढ मात्र १००%. दीडपट म्हणजे ५०% वाढ, सव्वापट म्हणजे २५% वाढ.

आणि उलटं गणित. टाकीतलं २०% पाणी वापरलं, २४० लिटर उरलं. आधी किती होतं? नेहमीचं चुकीचं उत्तर २८८, कारण मूल २४० चे २०%, म्हणजे ४८, मिळवतं. लगेच "चूक" म्हणू नका, ताळा करायला लावा. २८८ चे २०% म्हणजे ५७.६, ते वजा केले तर २३०.४ उरतात, २४० नाही. मग एक आडवी पट्टी काढायची, तिच्या खालच्या कडेला ०% ते १००%, वरच्या कडेला लिटर. उरलेले २४० हे ८०% च्या वर येतात, १०% ला ३०, १००% ला ३००. पट्टी काढणाऱ्या मुलाला सूत्र पाठ करावं लागत नाही, आणि विसरायलाही काही नसतं.

टक्क्यांची आपापसात तुलना असेल तर एक सूचना. निकाल ४०% वरून ५०% वर गेला तर तो १० पर्सेंटेज पॉइंटांनी वाढला, आणि मूळच्या ४०% च्या तुलनेत २५% नी. दोन्ही विधानं खरी आहेत. प्रश्नात कोणतं विचारलंय ते बघायचं.

असमानता: चिन्हाआधी शब्द

शाब्दिक उदाहरणांत मुलं चुकतात तेव्हा बहुतेक वेळा मराठी शब्दांनीच त्यांना चकवलेलं असतं. "कमीत कमी १२ पानं वाच." यात "कमी" दोनदा आहे, म्हणून मूल < लिहितं. "जास्तीत जास्त" मध्ये "जास्त" ऐकून > लिहितं. दोन्ही उलट. "किमान" आणि "कमाल" तर ऐकायलाही सारखे. शब्दांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा तीन प्रश्न विचारायला शिकवा. १२ पानं वाचली तर चालेल? हो. ११? नाही. १३? हो. म्हणजे १२ आणि त्यापुढचं, ≥. काठावरची संख्या चालते की नाही हेही त्यातच कळतं, आणि संख्यारेषेवर भरीव ठिपका द्यायचा की पोकळ हा प्रश्न उरत नाही.

शब्दांचा क्रम हा दुसरा चकवा. "क्ष हा ४ पेक्षा मोठा" हे मूल क्ष > ४ असं बरोबर लिहितं. तेच "४ पेक्षा मोठा क्ष" म्हटलं की ४ > क्ष. मराठीत "पेक्षा" संख्येला चिकटून असतं, म्हणून कोणतीही संख्या आधी बोलली तरी अर्थ बदलत नाही. चिन्हाला असा प्रत्यय नसतो, तिथे सगळा अर्थ जागेवर. मुलाला आधी विचारा, "मोठा कोण?" मग चिन्हाचं उघडं तोंड त्याच्याकडे. इथे मी बरोबरच्या चिन्हाची गोष्ट सांगते. रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये = वापरलं ते दोन समांतर रेघांइतकं समान दुसरं काही नसतं म्हणून. < आणि > ही चिन्हं थॉमस हॅरियटची, १६३१ मध्ये छापली गेलेली. मग = च्या शेजारी > काढून दाखवते: तिथे दोन्ही टोकांना अंतर सारखं, इथे एका टोकाला मिटलेलं, आणि मिटलेल्या टोकाकडची संख्या लहान. मुलांना हे लक्षात राहतं.

आता ऋण संख्या. "ऋण संख्येने गुणलं किंवा भागलं की चिन्ह उलटतं" हे वाक्य मुलाच्या मनात आखडत जातं आणि "ऋण दिसलं की उलटवा" एवढंच उरतं. तपासायला पुन्हा तीन उदाहरणं, दशांशांसारखीच:

−२क्ष < ६
२क्ष < −६
क्ष − २ < ६

बरोबर उत्तरं क्ष > −३, क्ष < −३, क्ष < ८. कधीच न उलटवणारं मूल फक्त पहिलं चुकतं. ऋण दिसेल तिथे उलटवणारं मूल पहिलं बरोबर सोडवतं आणि दुसऱ्यात चुकतं, कधीकधी तिसऱ्यातही. पहिल्यासारखीच गणितं देत राहिलात तर हे दुसरं मूल तुम्हाला हुशार वाटत राहील.

चिन्ह का उलटतं हे दाखवायला संख्यारेषेवर २ आणि ५ घ्या. दोघांना −१ ने गुणा. शून्यापासून उजवीकडे जास्त लांब असलेले ५ आता डावीकडे जास्त लांब गेले, म्हणून −५ लहान. तरीही घोळ होत असेल तर मी आठवडाभर तो नियम वापरायचाच नाही असं ठरवते. −२क्ष < ६ मध्ये दोन्ही बाजूंना २क्ष मिळवा: ० < ६ + २क्ष. दोन्हीकडून ६ वजा: −६ < २क्ष. दोनने भागा: −३ < क्ष. कुठेच काही उलटवलं नाही, तरी उत्तर तेच. हे चार-पाच वेळा स्वतः केलेल्या मुलाला मग नियम सांगितला की तो पटतो.

शेवटची नेहमीची चूक म्हणजे क्ष > ३ चं उत्तर "४" लिहिणं. "३.५ चालेल? ३.०१? ३.००१?" असं विचारत जा. ज्या मुलाचे दशांश कच्चे आहेत ते इथे अडखळतंच, कारण त्याच्या मनात ३ आणि ४ च्या मधली जागा रिकामी असते. असं झालं तर असमानता तिथेच थांबवा आणि संख्यारेषेकडे परत जा.

सगळं एकत्र तपासणारी दोन गणितं

टाकी ८०० लिटरची आहे. आता ०.२ भाग भरलेली. दर मिनिटाला ७.५ लिटर पाणी आत येतं. टाकी किमान ३५% भरण्यासाठी नळ किती मिनिटं चालवावा लागेल?

१६० + ७.५क्ष ≥ २८०, म्हणून क्ष ≥ १६.

तीच टाकी, आता ०.५ भाग भरलेली. दर मिनिटाला ७.५ लिटर पाणी बाहेर जातं. पाणी ३५% च्या खाली जाऊ द्यायचं नाही. नळ किती मिनिटं उघडा ठेवता येईल?

४०० − ७.५क्ष ≥ २८०, म्हणजे −७.५क्ष ≥ −१२०, म्हणून क्ष ≤ १६.

आकडा दोन्हीकडे १६, अर्थ उलटा. दुसऱ्यात क्ष ≥ १६ लिहिणाऱ्या मुलाला २० मिनिटं घालून बघायला सांगा: ४०० − १५० = २५०, म्हणजे २८० च्या खाली. मूल कोणत्या पायरीवर अडतं ते कागदावर बघा. ०.२ चे १६ लिटर झाले असतील तर दशांश. ३५% हे १६० चे काढले असतील तर पाया. चिन्हाची दिशा चुकली असेल तर शब्द किंवा ऋण संख्या. तीन धड्यांतली कोणती पानं पुन्हा उघडायची ते या दोन गणितांत कळतं.

सराव ठेवायचा कसा

एका बैठकीत आठ-दहा गणितांहून जास्त नकोत, पण ती मिसळलेली हवीत. एकाच प्रकारची सलग दहा आली की तिसऱ्यानंतर मूल विचार करणं थांबवतं आणि हात आपोआप चालतो. उत्तर काढण्याआधी अंदाज लिहायचा आणि नंतर ताळा करायचा. चुकलेलं गणित खोडू नका. त्याच्या शेजारी मुलाच्याच शब्दांत लिहून घ्या: "मला वाटलं होतं की जास्त अंक म्हणजे मोठी संख्या." हे वाक्य मूल स्वतः लिहितं तेव्हा तो नियम पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांसमोर येतो. तोवर तो आतून काम करत असतो.

दोन-तीन आठवड्यांनी वरच्या तिन्ही जोड्या आणि तिन्ही असमानता आकडे बदलून परत द्या, न सांगता, दुसऱ्याच गणितांमध्ये मिसळून. घाईत किंवा थकल्यावर जुना नियम कधीतरी डोकावेल. त्या वेळी रागावू नका. मूल स्वतःच थांबून "नाही, थांब, शतांश" म्हणतंय का, तेवढं ऐका. म्हणत असेल तर पुढचा धडा घ्या. म्हणत नसेल तर चौरस आणि संख्यारेषा आणखी आठवडाभर टेबलावरच राहू द्या.